घड्याळाला किल्ली, दर मंगळवारी

सोमवार, ४ मार्च

आजपासून 'पाठराखण'चा सगळा कारभार सॉफ्टवेअरवर. सकाळी मीटिंग घेतली. मीटिंग म्हणजे आमच्या जेवणाच्या टेबलाशी मी, ताई आणि मेहुणा. बायको शाळेत शिकवायला निघता निघता दारात चपला घालत ऐकत होती, पण तिची हजेरी मी लावलेली नाही.

डायरी नवी आहे, तेव्हा पार्श्वभूमी नोंदवून ठेवणं बरं. विमा कंपनीची आमची शाखा डिसेंबरात बंद झाली आणि मी घरी बसलो. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. याच इमारतीत वरच्या मजल्यावर एकटी राहते. लग्न केलं नाही. हॉस्पिटलात चादरी-कपड्यांचा विभाग सांभाळायची, गेल्या वर्षी निवृत्ती घेतली. आसपासची माणसं बाहेरगावी जाताना घराची किल्ली तिच्याकडे ठेवून जायची. याचाच व्यवसाय करावा, ही कल्पना जानेवारीत निघाली. कुणाच्या डोक्यातून निघाली ते आता नक्की आठवत नाही. बायको म्हणते, ताईच्या.

तर लोक प्रवासाला जातात आणि मागे आम्ही त्यांची घरं राखतो. कुंड्यांना पाणी, माशांना खाणं, उभ्या गाडीचं इंजिन अधूनमधून चालू करणं. सगळी पुन्हा पुन्हा येणारी कामं. आजवर ती ताईच्या डोक्यात होती. व्यवसाय डोक्यात ठेवून चालत नाही, हे मी मीटिंगमध्ये स्पष्ट केलं. यापुढे ज्याचं काम त्याच्या फोनवर वाजेल. करायचं आणि खूण करायची. झालेलं काम हिरवं दिसेल, राहिलेलं लाल.

"मला आठवतं रे, बाळ्या," ताई म्हणाली.

"प्रश्न आठवणीचा नाही, पद्धतीचा आहे. फोन सांगेल तेवढंच करायचं. कमी नाही, जास्त नाही."

"बरं."

ताई एवढ्या लवकर बरं म्हणाली की मला धास्ती वाटते. मेहुण्याला मात्र पद्धत फार आवडली. बायकोचा हा भाऊ पस्तिशीचा, सध्या दोन नोकऱ्यांच्या मधे आहे. सांगितलेलं काम अक्षरशः करतो, हा त्याचा मोठा गुण.

शेवटी सॉफ्टवेअरने विचारलं, काम चुकलं तर काय करायचं? तीन पर्याय होते. 'साचू द्या' म्हणजे चुकलेली प्रत्येक पाळी वेगवेगळी मागे लागणार. 'एकच ठेवा' म्हणजे कितीही पाळ्या चुकल्या तरी काम एकदाच करायचं. आणि 'सोडून द्या' म्हणजे गेलं ते गेलं. मी जराही न अडखळता 'साचू द्या' निवडलं. विम्याचे हप्ते चुकले तर सगळे भरावे लागतात. एक भरून कोणी सुटलेला मी पाहिलेला नाही.

मंगळवार, ५ मार्च

पद्धत चालली. ताईच्या फोनवर 'इंजिनीअर, घड्याळाला किल्ली' वाजलं आणि ती गेली. हे गृहस्थ पूल बांधणारे इंजिनीअर. पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली. कामासाठी सतत फिरतीवर असतात. घरी वडिलांच्या वेळचं लंबकाचं मोठं घड्याळ आहे, त्याला दर आठवड्याला किल्ली द्यावी लागते. 'परत येईपर्यंत' असं मुदतीच्या रकान्यात लिहिलं आहे.

मी वेळेचा अंदाज पाच मिनिटं टाकला होता. ताईला दहा लागली. जिने धरून दहा ठीक आहेत. अंदाज दुरुस्त केला.

गुरुवार, ७ मार्च

माझ्या वाट्याचं काम: समोरच्या इमारतीतल्या टेलिफोनवाल्या आजींशी अर्धा तास गप्पा. त्यांचा मुलगा परदेशात असतो, त्याने दर गुरुवारचं काम म्हणून सांगितलंय. आजी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. मी काम म्हणून आलोय हे त्यांना सांगू नये असं मला वाटत होतं, पण बसल्या बसल्याच त्यांनी विचारलं, "मुलाने लावून दिलाय ना तुला?"

"हो."

"मग पंखा लाव आणि नीट बस. अर्धा तास म्हणजे अर्धा तास."

तिसाव्या मिनिटाला त्यांनी वाक्य अर्ध्यावर थांबवलं आणि "उरलेलं पुढच्या गुरुवारी" म्हणाल्या. इतकं शिस्तीचं गिऱ्हाईक मिळायला भाग्य लागतं.

मंगळवार, १२ मार्च

घड्याळाला किल्ली: चाळीस मिनिटं. ताईला विचारलं. "लंबक हळवा असतो," म्हणाली. असेल. अंदाज चाळीसवर नेला.

बायकोच्या लक्षात आलं की ताई जाताना मोत्याचे कानातले घालून गेली होती. मला हे व्यावसायिक दृष्टीचं लक्षण वाटतं. गिऱ्हाईक घरात नसलं तरी आपण नीटनेटकं जावं. मेहुण्यालाही इस्त्रीचा शर्ट घालून माशांकडे जायला सांगितलं.

रविवार, १७ मार्च

मासे दातांच्या डॉक्टरांचे. डॉक्टर महिनाभर मुलीकडे गेलेत. मासे, निवडुंगाच्या कुंड्या आणि खाली उभी गाडी असा तिहेरी संसार आमच्यावर टाकून.

आज रविवार असूनही फोन सकाळपासून वाजत होता. सॉफ्टवेअरमध्ये दोन उभ्या काड्यांचं एक चिन्ह सापडलं. दाबलं तर विचारलं, 'थोडी विश्रांती हवी आहे का?' यंत्राने आपली अशी चौकशी करावी, याचं बरं वाटलं. हो म्हटलं. सगळं शांत झालं. दुपारी छान झोप लागली.

मंगळवार, १९ मार्च

पद्धत आता अंगवळणी पडतेय. कालपासून पडद्यावर एकही लाल काम नाही. खरं तर एकही काम नाही. बायको म्हणाली, कामं गेली कुठे? तिला म्हटलं, नियोजन नीट असलं की कामं दिसत नाहीत, नुसती होतात.

ताई खाली येऊन विचारून गेली, "माझ्या फोनवर काहीच वाजलं नाही. माशांचं काय?"

"तुझ्याकडे नाही म्हणजे मेहुण्याकडे असणार."

"तू म्हणतोस तर बरं," म्हणाली आणि छत्री घेऊन बाहेर पडली. कुठे, तर घड्याळाला किल्ली द्यायला. फोन वाजला नव्हता. हे मी ठरवून दिलेल्या पद्धतीच्या विरुद्ध आहे, असं मी म्हणालो तर ती म्हणाली, "मंगळवार आहे ना?"

दीड तासाने आली. तिला वय झाल्याने जिने जड जात असावेत.

गुरुवार, २१ मार्च

काहीतरी राहिल्यासारखं सकाळपासून वाटत होतं. पडदा पाहिला. स्वच्छ. मनुष्याचा स्वभाव आहे, सुखातही खोट शोधतो.

शुक्रवार, २९ मार्च

सकाळी टेलिफोनवाल्या आजींचा फोन.

"तू जिवंत आहेस का, एवढंच विचारायला केलाय."

"आहे, आजी."

"मग दोन गुरुवार कुठे होतास?"

सॉफ्टवेअर उघडलं. दोन काड्या. विश्रांती चालूच होती. मी ती एका रविवारपुरती समजत होतो, सॉफ्टवेअर ती कायमची समजत होतं. काड्या पुन्हा दाबल्या आणि फोन असा वाजत सुटला की टेबलाच्या कडेपर्यंत सरकत गेला. पडदा वरपासून खालपर्यंत लाल. बोटाने सरकवत राहिलो, संपेना.

मेहुण्याला विचारलं, माशांना खाणं घातलंस का? तो म्हणाला, "वाजलं नाही, दाजी." त्याचं तरी काय चुकलं? ताईने विचारलं होतं, तेव्हा मीच तिला परत पाठवलं. हे लिहिताना कान गरम होतायत.

पण हातपाय गाळून चालणार नव्हतं. मेहुण्याला सांगितलं, "डॉक्टरांकडचं सगळं तू कर. मग इंजिनीअरच्या घड्याळाचं. संध्याकाळपर्यंत मला पडद्यावर लाल ठिपका दिसता कामा नये."

"सगळी कामं करायची?"

"एकूण एक."

मी आजींकडे धावलो.

शनिवार, ३० मार्च

कालचं उरलेलं काल लिहवलं नाही.

आजींनी मला माझी बाकी वसूल केल्याशिवाय सोडलं नाही. पहिला अर्धा तास एकवीस तारखेचा. त्या आठवड्यात शेजारणीचा नळ गळत होता, ते सविस्तर सांगितलं. मी म्हणालो, मग आता दुरुस्त झाला का? "ते अठ्ठावीसच्या गप्पांमध्ये येतं," म्हणाल्या, "मधे घुसू नको." मग पाणी प्यायलो आणि अठ्ठावीस तारखेचा गुरुवार सुरू झाला. नळ दुरुस्त झाला होता, पण प्लंबर पाना विसरून गेला होता.

बाहेर पडून फोन पाहिला तर लाल जाऊन हिरवं होत होतं, एकामागून एक, बागेत पालवी फुटावी तसं. मेहुण्याचा अभिमान वाटला. घरी येऊन चहा टाकतोय तोच ताईचा फोन. "बाळ्या, डॉक्टरांकडे ये. बादली घेऊन ये."

माशांच्या टाकीतलं पाणी ताकासारखं झालं होतं. मेहुणा बाजूला शांतपणे उभा. त्याने प्रत्येक चुकलेल्या पाळीची एकेक चिमूट घातली होती आणि दर चिमटीमागे खूण केली होती. सकाळच्या पाळीचीही विसरला नव्हता. निवडुंगाच्या बशा पाण्याने तुडुंब. गाडी सहा वेळा चालू केली होती, सहा वेळा बंद केली होती. सातव्यांदा खात्री करायला गेला तेव्हा चालू होईना. बॅटरी बसली होती.

ताईने बाह्या वर केल्या, नळीने टाकीतलं निम्मं पाणी उपसलं, ताजं भरलं, तळाचं खाणं चहाच्या गाळणीने काढलं. मी बादल्या वाहिल्या. अंधार पडला तेव्हा मासे पुन्हा दिसायला लागले. मोजले. सगळे होते.

"दोन आठवडे उपाशी माणूस आला, तर त्याला दोन आठवड्यांचं जेवण एका ताटात वाढतोस का?" ताई म्हणाली. चिडून नाही. त्यामुळे जास्त लागलं.

"हप्त्यांचं तसंच असतं," मी म्हणालो.

"मासा म्हणजे हप्ता आहे का रे?"

विम्यात माशांचा रकाना नसतो. मी रिकामी बादली उचलली.

एकच काम असं होतं की मेहुण्याला करता आलं नाही. घड्याळ. तो म्हणाला, "दाजी, तिथे दार एका गृहस्थांनी उघडलं. म्हणाले, किल्ली दिलेली आहे, ताई मंगळवारी येऊन गेल्या. मला सरबत दिलं." इंजिनीअर फिरतीवर आहेत, तेव्हा हे शेजारी असावेत. सांभाळून घेणारे दिसतात.

रविवार, ३१ मार्च

डॉक्टरांना फोन करून सगळं सांगितलं. लपवावं असा विचार मनात आला होता, पण बॅटरी लपवता येत नाही. पलीकडून नुसता फुसफुस आवाज आला. मला वाटलं गेलं गिऱ्हाईक. मग कळलं, हसतायत.

"अहो, माझा धंदा काय आहे?" म्हणाले. "रोज दात घासा म्हणून मी सांगतो. लोक सहा महिने टाळतात आणि माझ्याकडे यायच्या दिवशी सकाळी चार वेळा घासून येतात. हिरड्या सुजवून. तुमचा मेहुणा त्यांतलाच."

बॅटरी तेवढी बदलून ठेवायला सांगितली.

मी लगेच सॉफ्टवेअर उघडून 'साचू द्या' काढलं आणि 'सोडून द्या' लावलं. चुकलेल्याचं ओझं नको. रोजचा दिवस कोरा. अध्यात्मही याहून वेगळं काय सांगतं?

गुरुवार, ४ एप्रिल

बॅटरीवाला सकाळी येतो म्हणाला आणि दुपारी उगवला. त्याच्यामागे दिवस गेला. पडदा स्वच्छ.

शनिवार, ६ एप्रिल

डॉक्टर परतले. मासे जाड झालेत म्हणाले. पुढच्या वेळीही किल्ली आमच्याकडेच देणार, "पण ताईंच्या हातात".

गुरुवार, ११ एप्रिल

आजींकडे गेलो. पंखा आधीच लावलेला होता. "या. बसा," म्हणाल्या. मला त्या अहोजाहो कधी करत नाहीत. मी वळून पाहिलं, मागे कोणी आलंय का. कोणी नव्हतं.

"आपली तब्येत कशी आहे?" त्यांनी विचारलं.

मी बरी आहे म्हणालो. हवा कशी आहे यावर बोलणं झालं. हवा कशी आहे ते आम्हाला दोघांनाही खिडकीतून दिसत होतं. शेवटी मीच म्हणालो, "आजी, गेल्या गुरुवारची बाकी राहिलीय. आज एक तास बसतो."

"कसली बाकी? काही बाकी नाही. तुम्हाला कामं असतात."

मला चपापल्यासारखं झालं. गेला गुरुवार माझ्या पडद्यावरून आपोआप पुसला गेला होता आणि मीही त्याला पुसू दिलं होतं. मी सरळ सांगितलं: बॅटरीवाल्याच्या नादात विसरलो. यंत्राने पुन्हा आठवण केली नाही, पण विसरलो मी.

त्यांनी पंखा जरा कमी केला. मग म्हणाल्या, "आमच्याकडे कॉल तुटायचे. दिवसात शंभर तुटायचे. तुटला की परत जोडायचा. तुटला म्हणून पलीकडच्या माणसाला विसरून पुढचा घ्यायचा, असं एक मुलगी करायची. तिला आम्ही कोणी डबा खायला बोलवायचो नाही."

"मग आता जोडू?"

"जोड. पण नळाचं संपलं. आता दुसरं आहे."

दीड तास बसलो. परत अरे-तुरेवर आल्या तेव्हा बरं वाटलं.

मंगळवार, १६ एप्रिल

आज एक गंभीर प्रकार घडला आहे.

घड्याळाला किल्ली द्यायला ताईला गेल्या वेळी दोन तास लागले. आज सकाळी अकराला गेली, दीड वाजला तरी नाही. मला काळजी वाटली. जिन्यात पाय घसरला असेल, लंबक अंगावर पडला असेल. गेलो.

दार इंजिनीअरनी स्वतः उघडलं. म्हटलं, "केव्हा आलात?" म्हणाले, "दहा मार्चला." आणि लगेच खोकले.

आत ताई खिडकीशी बसली होती. टेबलावर पुलाचा मोठा नकाशा पसरलेला, त्यावर चहाचे दोन कप, बिस्किटांचा डबा. ताई पेन्सिलीने काहीतरी दाखवत होती. पुलांतलं तिला काय कळतं, मला कळेना. मी घड्याळाकडे पाहिलं. ते बंद होतं. काट्यांवर सव्वातीन वाजले होते. पहाटेचे की कालचे, देव जाणे. लंबक सरळ लोंबकळत होता.

"ताई," मी म्हणालो, "घड्याळ बंद आहे."

दोघांनी एकदम वर पाहिलं. "अगंबाई, खरंच की," ताई म्हणाली. ते म्हणाले, "गेल्या मंगळवारी राहिलं वाटतं द्यायचं." ती म्हणाली, "तुम्ही पुलाचं सांगत होतात ना."

म्हणजे गेल्या आठवड्यातही काम झालेलं नव्हतं आणि ताईने खूण केली होती. परक्यासमोर आपल्या माणसाला बोलू नये. किल्ली शोधली, स्वतः दिली, काटे लावले, लंबकाला हलका धक्का दिला. चालू झालं. एवढ्याला मला चार मिनिटं लागली. लंबक मुळीच हळवा नाही.

संध्याकाळी बायको शाळेतून आल्यावर तिला सगळं सांगितलं. ताईसारखी बाई, जिच्या विभागात कधी एक चादर इकडची तिकडे झाली नाही, ती काम न करता खूण करते. आणि गिऱ्हाईक महिनाभर घरात बसून आमच्याकडून किल्ली देऊन घेतंय, हातपाय धड असताना. बायको पर्स खांद्याला तशीच ठेवून खुर्चीत बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

"अहो," ती म्हणाली, "हे सांगायलाही तुम्हाला फोन वाजायला हवा होता का?"

मग तिने सांगितलं. मोत्यांपासून.

गुरुवार, १८ एप्रिल

दोन दिवस ताईशी धड बोललो नाही. राग नव्हता. काय होतं ते नीट लिहिता येत नाही.

आज ती खाली आली. मी टेबलाशी सॉफ्टवेअर उघडून बसलो होतो, करत काही नव्हतो.

"बायकोने सांगितलं ना तुला?" ती म्हणाली. "मीच सांगणार होते. पण काय सांगायचं तेच महिनाभर ठरत नव्हतं. या वयात हे असलं कुणाला सांगायचं म्हणजे आधी आपल्यालाच हसू येतं."

"खोटी खूण केलीस."

"ती चूक झाली. एकच."

"आता पुढे काय?"

तिने सांगितलं. पुढच्या महिन्यात नोंदणी कार्यालयात सह्या करणार. त्यांना नव्या पुलाचं काम मिळालंय, दुसऱ्या शहरात, तीन-चार वर्षांचं. ती जाणार.

मी म्हणालो, "आणि 'पाठराखण'?"

"तू आहेस की."

मग मी जे डिसेंबरपासून कोणाला बोललो नव्हतो ते बोललो. म्हटलं, लोक किल्ली तुझ्या हातात देतात. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, ताईंच्या हातात. मी नुसता फोन वाजवतो, आणि तोही दोन आठवडे बंद ठेवला. तू गेल्यावर उरतं काय? एक मेहुणा आणि दोन काड्या.

ती हसली नाही. मला वाटलं होतं हसेल.

"मी तीस वर्षं चादरी मोजल्या," ती म्हणाली. "मला आठवतं म्हणजे जादू नाही रे. चुकलं की कोणाला काय होईल, ते मी आधी बघते. मग ते विसरत नाही. तू यंत्राला एकच उत्तर दिलंस सगळ्यांसाठी. आधी म्हणालास सगळं साचू दे, मग म्हणालास सगळं सोड. सगळी माणसं एक आहेत का?"

"प्रत्येक कामाला वेगळं लावता येतं," मी म्हणालो. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. वेळ जाईल म्हणून लावलं नव्हतं.

"मग लाव. मी बसते."

आणि बसली. मला वाटलं तासाभराचं काम आहे. जेवण टेबलाच्या एका कोपऱ्यात उरकलं आणि पुन्हा बसलो. मी एकेक काम वाचायचो, "हे चुकलं तर?", आणि ताई सांगायची. मासे: एकच चिमूट, जणू काही झालंच नाही. निवडुंग: चुकलं तर बरंच. आजींचा गुरुवार: साचू दे, ती बाकी त्यांना हवी असते. गाडी: एकदाच, पण पंधरा मिनिटं चालू ठेवून. खालच्या मजल्यावरच्या बाईंची पत्रपेटी: चुकलं तर आधी फोन करून सांगायचं, मग उघडायची, त्या निकालाची वाट बघतायत. कसल्या निकालाची ते तिने सांगितलं. मला माहीत नव्हतं. तीन महिने त्या पेटीतून मी पत्रं काढतोय.

बायकोही मधून मधून येऊन बसली. तिची हजेरी लावली.

घड्याळाशी आलो तेव्हा मी थांबलो. ताईच म्हणाली, "ते काढून टाक. ते गिऱ्हाईक नाही आता."

सॉफ्टवेअरने विचारलं, हे काम कायमचं काढायचं? नक्की? ताईने माझ्या खांद्यावरून वाकून स्वतःच दाबलं.

शुक्रवार, १० मे

सह्या झाल्या. साक्षीदार म्हणून मी, बायको आणि टेलिफोनवाल्या आजी. आजींनी कारकुनाला पेन नीट चालत नाही म्हणून सुनावलं. इंजिनीअर इतके गोंधळलेले होते की त्यांनी तारीख दहा मार्चची टाकली. खोडून पुन्हा लिहावी लागली. ताई म्हणाली, राहू दे, तीही बरोबरच आहे. कारकून तयार झाला नाही.

मी आता इंजिनीअरना काय म्हणायचं यावर घरात चर्चा झाली. माझ्या तोंडून दोनदा "गिऱ्हाईक" निघालं.

बुधवार, १५ मे

ताई गेली. सामानाच्या गाडीत शेवटी घड्याळ चढलं, पांघरुणात गुंडाळलेलं. लंबक तिने मांडीवर घेतला. मला म्हणाली, "फोन करत जाईन."

"दर किती दिवसांनी?" मी विचारलं.

"ते ठरवायचं नाही रे, बाळ्या."

वरच्या मजल्याची तिची किल्ली आता आमच्या खिळ्याला आहे. दुपारी उगीच वर जाऊन खिडक्या उघडून आलो. पडद्यावर नव्हतं.

सोमवार, २० मे

सकाळी बेल वाजली. दारात एक बाई, पस्तिशीच्या, पाठीला सारंगीच्या आकाराचं काहीतरी. वाद्यवृंदात वाजवतात, सहा आठवडे दौऱ्यावर जायचंय, घरात एक मांजर. कोणीतरी नाव सांगितलं म्हणून आल्या होत्या.

"ताई आहेत का?"

"ती इथे नसते आता. मी तिचा भाऊ."

त्या दारातच थांबल्या. किल्ली हातात होती, मूठ मिटलेली. मी आत बोलावलं, टेबलाशी बसवलं. मेहुणा इस्त्रीच्या शर्टात पलीकडे उभा होता, त्याला पाणी आणायला सांगितलं. काय काय करायचं ते त्यांनी सांगितलं. सकाळ-संध्याकाळ खाणं, वाळूची पेटी, थोडं खेळणं. मी सगळं भरून घेतलं. मग विचारलं, "एखाद्या वेळी यायचं चुकलं तर?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, संपलं. आजारी पडायचं, लिफ्ट अडकायची, असं काही समजावून सांगावं म्हणून तोंड उघडलं, तर त्याच म्हणाल्या, "याआधी दोन ठिकाणी जाऊन आले. दोघांनीही सांगितलं, चुकणारच नाही म्हणून."

"चुकतं," मी म्हणालो. "मार्चमध्ये बरंच चुकलं." आणि मासे सांगितले. बॅटरीही सांगितली. मेहुणा पाणी घेऊन आला होता, त्याने मान डोलावून दुजोरा दिला.

त्या हसल्या. मग विचार करून म्हणाल्या, "ती रुसते. दुप्पट खाणं ठेवू नका, तोंड लावणार नाही. ती कपाटाखाली जाऊन बसते. तुम्ही बाहेर जमिनीवर बसायचं. बोलावलंत की येत नाही. बसलात की येते."

"किती वेळ बसायचं?"

"ते तिच्यावर."

मी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. त्या उठल्या, वाद्य पाठीला लावलं आणि किल्ली मेहुण्याच्या नाही, टेबलावर नाही, माझ्या तळहातावर ठेवली.

किल्ली खिळ्याला लावायची असते. मी खिशात ठेवली. संध्याकाळी बायको म्हणाली, "पुन्हा पुन्हा खिसा काय चाचपताय? आहे ती."